बेबाने मान वळवली

ही गोष्ट मी पहिल्यांदा शेजारच्या कुंदाबाईंना सांगितली, तीही लाइट गेले होते म्हणून. मेणबत्तीच्या उजेडात बोलायला धीर येतो. कुंदाबाई हसल्या नाहीत, एवढ्यावरून मला वाटलं, की मी अगदीच कामातून गेलेली नसावी.

बेबा तेव्हा वर्षाची व्हायची होती. बारशाचं नाव वेगळं आहे, पण घरात सगळे बेबाच म्हणतात. आता म्हणतात खरं, पण तिला ते ऐकू येतं का, हाच तर माझा घोर होता. आम्ही दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहतो. भोंगा वाजला की आजूबाजूची तान्ही मुलं दचकून रडायची. आमची बेबा झोपेत ओठ चोखत राहायची. मी तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट पाडून बघायची. ताटांना पोचे आले. सासूबाई म्हणायच्या, "पोर शांत आहे, तूच अशांत आहेस." आमचे हे म्हणायचे, "तू बी.एस्सी. ना? मग घाईनं निष्कर्ष काढू नको." बी.एस्सी. होते खरी, पण बॉटनीत. झाडांना कान नसतात. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षाची होऊ द्या, मग नीट तपासू. तोवर मी ताटं पाडत होते.

त्या डिसेंबरात आम्ही रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ह्यांच्या काकांच्या मळ्यात भरिताला गेलो. काकांचं नाव झुलालनाना. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, वर कांद्याची पात, शेंगदाणे. केसांतला तो धुराचा वास दोन न्हाण्यांनीही जात नाही. मळ्यात कामाला असलेल्या बुधीबाईनं बेबाला दिवसभर कडेवरून खाली ठेवलं नाही. सरपणाला रानात जायची वेळ झाली तेव्हा कुठे तिनं तिला माझ्याकडे दिलं.

दिवस कलल्यावर निघालो. ह्यांनी फटफटीला किक मारली तसे नाना जवळ आले.

"डोंगराकडच्या रस्त्यानं चालले ना भो? मंग उतारावर वाघदेवापाशी गाडी बंद करजो. लोटत नेजो."

"का नाना? पेट्रोल वाचतं?"

"सांजच्याले तो पाण्यावर जातो. त्याचं पाऊल ऐकायचं, वाट द्यायची, मंग निघायचं. अठी बठ्ठे, लहान-मोठे, असंच करतात."

"तुम्ही ऐकलंय कधी?" मी विचारलं.

"मले काहाले ऐकू येईन!" नाना असे म्हणाले, जसं काही मी त्यांना भलताच मान देऊ केला होता. "पण गाडी तं मी बंद करतोच."

उतारावर एका बाजूला सागाचं रान आहे, दुसऱ्या बाजूला केळीची बाग. बागेत तेव्हाच अंधार झाला होता. केळीखाली अंधार लवकर होतो आणि तो ओला असतो. रानाच्या कडेला वाघदेवाचा लाकडी खांब. त्यावर कोरलेला वाघ, चंद्र, सूर्य. पुढे दगडांचा ढीग. येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो म्हणे.

ह्यांनी गाडी बंद केली नाही. मी ह्यांच्या खांद्यावर बोट टोचलं, तर हे मोठ्यानं म्हणाले, "अगं, विज्ञानाची पदवी कुणाची?"

खांबासमोर येताच मागून कर्रकन आवाज झाला. चाक जागीच आवळलं. गाडी थोडी घसरली आणि बंद पडली. बेबाला मी इतकं घट्ट धरलं, की नंतर तिच्या दंडावर माझी बोटं उमटलेली दिसली.

चेन उतरून दातेरी चक्राच्या फटीत अडकली होती. ह्यांनी गाडी स्टँडवर घेतली, पाना काढला. मागच्या चाकाचा नट सोडून चाक पुढे सरकवल्याशिवाय चेन निघणार नव्हती, आणि नट गंजलेला. पान्यावर ठोकायला जड काहीतरी हवं होतं. हे उठले आणि त्या ढिगातला दगड उचलून घेऊन आले.

"अहो, तो तिथला..."

"परत ठेवतो ना. देव काय मोजत बसलाय?"

दोन-तीन घाव घातले, नट सुटला. चेन मात्र तशीच रुतून. हे पान्याचं टोक घालून, बोटं काळी करून ओढत होते, पुटपुटत होते. आणि माझ्या लक्षात आलं, की ठोकायचं थांबल्यावर दुसरा कुठलाच आवाज परत आलेला नाही. मघाशी राघू ओरडत होते. लांब कुठेतरी पंप चालू होता. आता काही नाही. वास मात्र होता. ओल्या मातीचा, कुजक्या केळीच्या खुंटांचा, आणि त्यांच्याखालून येणारा एक ऊबदार वास. कुणीतरी मोठं जनावर उन्हातून येऊन शेजारी उभं राहावं, तसा.

तेव्हा बेबाने मान वळवली.

ज्या एका हालचालीसाठी मी इतकी ताटं पाडली, ती हालचाल. भुवया वर, ओठ किंचित उघडे. ती ऐकत होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ऐकतेय! माझी बेबा ऐकतेय! त्या आनंदात मला प्रश्न पडायला जरा उशीरच झाला... काय ऐकतेय?

ती सागाच्या रानाकडे बघत होती. तिथे काही नव्हतं. तिची मान थोडी सरकायची, थांबायची. पुन्हा थोडी सरकायची. पावलागणिक. मी तिच्या दुसऱ्या कानाशी टिचकी वाजवली. काही नाही. हाक मारली, काही नाही. तिची नजर उतार उतरली, खांबाजवळून आली, रस्त्यावर आली.

"अहो... हातातलं खाली ठेवा."

"आता काय झालं?"

"ठेवा... आणि हलू नका."

माझा चेहरा ह्यांनी पाहिला असावा. पाना खाली ठेवला. बेबाची नजर ह्यांच्या पाठीशी येऊन थांबली होती.

स्टँडवरचं चाक फिरलं.

ह्यांचे दोन्ही हात हवेत होते. चाक सावकाश फिरलं, फटीतली चेन सैल झाली आणि एकेक कडी दातांवर जाऊन बसली. एवढी गंजकी चेन, पण आवाज नाही. काहीच नाही. चाक पुरतं फिरून थांबलं. मग बेबाची नजर माझ्याकडे आली, माझ्या डोक्याच्याही वर गेली. तिची मान मागे मागे जाऊ लागली, देवळाचा कळस बघावा तशी. तिनं हाताची मूठ उघडली आणि पंजा वर धरला.

मी वर पाहिलं नाही. भीतीनं नाही, खरंच नाही. समोर कुणी थोर आलं की आपण खाली बघतो ना, तशी मान आपोआप खाली गेली.

मग बागेतली केळीची पानं एकामागून एक बाजूला झुकत गेली, पाटाच्या दिशेनं. त्यांचाही आवाज नव्हता. शेवटचं पान सरळ झालं आणि एकदम सगळं परत आलं. राघू, पंप, माझा श्वास.

वरच्या अंगाला बुधीबाई उभी होती. डोक्यावर मोळी, चपला हातात. तीही मघापासून थांबलेली. खाली येऊन तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बेबाच्या तोंडाशी वाकून विचारलं,

"गेला?"

बेबा हसली.

"माझ्या आजीला ऐकू यायचा," बुधीबाई म्हणाली. "मग कोणालाच नाही. आम्ही नुसते थांबतो."

"आजीला... दुसरं ऐकू यायचं?" मी विचारलं.

तिनं डोक्यावरची मोळी सावरली. "दुसरं कशाला?"

ह्यांनी तो दगड दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवला. नट आवळला. उतार संपेपर्यंत गाडी लोटत नेली.

बेबा वर्षाची झाल्यावर जळगावला सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तिला ऐकू येत नाही. मोठा आवाजही नाही. मी रडले, पण जेवढी रडेन वाटलं होतं तेवढी नाही. डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? भुसावळच्या मेकॅनिकनं गाडी पाहून विचारलं, "चेन कोणी लावली साहेब? ढील बघा कशी, बरोबर बोटभर." त्यानंतर ती चेन एकदाही ताणावी लागलेली नाही.

आता मी ताटं पाडत नाही. पण एखाद्या सांजेला बेबा खेळता खेळता थांबते. भुवया वर, ओठ किंचित उघडे. मग मी स्टोव्ह बंद करते, पंखा बंद करते आणि कान देते. मला काही ऐकू येत नाही.

काल तिची मान दारापासून सरकत आली. थोडी सरकली, थांबली. पुन्हा सरकली. पाण्याच्या माठापाशी मी उभी होते. ती नजर माझ्या खांद्यामागे येऊन थांबली आणि तिथून वर, छताच्याही वर गेली.

मी माठापासून बाजूला झाले. वाट दिली.