जोडीतली दुसरी

राहीच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस उंबऱ्यातच थबकायचा, आणि खरं सांगायचं तर राहीला त्याची मजा वाटायची. मुरुगवाड्यातलं कौलारू घर, खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खिडक्यांचे गज. आत काय असणार? फार तर टीव्ही आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या. इथे मात्र कापराच्या लाकडाची कोरीव पेटी, तिच्यावर निळ्या ड्रॅगनची बरणी, भिंतीला शिंपल्याची नक्षी जडवलेलं काळंभोर कपाट. सगळं चिनी, सगळं जुनं.

"घर आहे की म्युझियम गो?" शेजारची आनंदीबाई चिडवायची.

"आज घर आहे, उद्या म्युझियमच होणार," राही म्हणायची, आणि ती काही थट्टा नव्हती.

वडील बोटीवर होते. त्यांनी हाँगकाँगहून दोन वाडगे आणले आणि राहीला आणि तिच्या दादाला, हर्षदला, वेड लागलं. या किनाऱ्यावर खलाशांची घरं थोडी का आहेत? कुणाच्या माळ्यावर फुलदाणी धूळ खात पडलेली, कुणी शंभर वर्षांच्या बरणीत खारातल्या कैऱ्या घातलेल्या. बहीण-भावाने गावोगाव हिंडून, लोकांच्या हातापाया पडून हे सगळं जमवलं. बोली एकच: काही विकायचं नाही, जोडी फोडायची नाही, आणि राही शाळेतून निवृत्त झाली की घर सगळ्यांसाठी उघडायचं. यापायी राहीने पुण्याची नोकरी सोडली, आलेली स्थळं परत पाठवली. दादा पावसला आंब्याची बाग बघायचा, रविवारी यायचा. दोघांचं पटायचं नाही, पण तुटायचंही नाही. राही फटकळ आणि दादा मऊ. वाद झाला की तो गप्प बसायचा आणि राहीला वाटायचं, आपण जिंकलो.

त्या दोन खुर्च्या जयगडला मिळाल्या, विठू नावाच्या म्हाताऱ्या खलाशाकडे. काळ्या लाकडाच्या, गोल पाठीच्या, वेताच्या बैठकीच्या. दोन्हींच्या पाठी एकाच फळीतून चिरलेल्या. शेजारी ठेवल्या की लाकडाच्या रेषा उघड्या पुस्तकासारख्या समोरासमोर यायच्या. दादा दोन्ही टेम्पोत घालून आणायला गेला आणि एकच घेऊन आला.

"आरे-वारेच्या वळणावर दोरी सुटली गो. दुसरी खाली गेली, भुगा झाला."

राही रडली. मग दादाच्या चेहऱ्याकडे बघून तिलाच त्याची कीव आली. "जाऊ दे," ती म्हणाली. "तू नीट आलास ना?"

उरलेली खुर्ची तिने खिडकीशी ठेवली. सकाळची शाळा, घरी येऊन जेवण, आणि मग त्या खुर्चीत डुलकी. इतकी गाढ झोप तिला अंथरुणावर कधी लागली नव्हती.

थंडी संपत आली तशी एकेक गोष्ट खटकायला लागली. झोपेत आंब्याच्या मोहोराचा वास यायचा. त्यात काय मोठंसं, आता सगळीकडेच मोहोर आहे, ती म्हणायची. पण राही विज्ञान शिकवायची. समुद्राकडून वारा सुटलेला असताना मोहोराचा वास कुठून येणार, हे तिला समजत होतं. मग एकदा जाग आली तर तळव्यांना तांबडी माती. पांढरा समुद्र म्हणतात त्या वाळूच्या किनाऱ्याजवळचं घर, खाली लादी, खुर्चीत मोजे घालून झोपलेली बाई, आणि तळव्यांना तांबडी माती! मोजे कोरे स्वच्छ होते. तिने पाय धुतले आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ?

जागी झाल्यावर घसा दुखायला लागला. तास न् तास बोलल्यावर दुखतो तसा. आनंदीबाईने दुपारी हाक मारली तर राहीने ओ दिली नव्हती म्हणे. "डोळे उघडे होते गो तुझे," आनंदीबाई म्हणाली आणि पटकन विषय बदलला.

गुरुवारी राही शाळेतून आली तर दारात टेम्पो उभा. कापराची पेटी चढवलेली, कपाट गोधड्यांत गुंडाळलेलं, बरणी भुशात. घर ओकंबोकं. राही टेम्पोच्या आडवी उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हर्षदभाऊंनी," टेम्पोवाला सागर म्हणाला. "किल्ली त्यांचीच आहे. गोव्याच्या हॉटेलात जायचंय सामान. तेवढी खुर्ची ठेवा, बोलले. तिला हात लावू नका."

तिने तिथल्या तिथे फोन लावला. दादाचा आवाज अगदी नेहमीचा होता.

"असं काय करतेस? तुला विचारूनच केलं ना."

"मला? कधी?"

"किती वेळा! तूच म्हणालीस, देऊन टाक दादा, दमले मी आता."

"कुठे म्हणाले मी असं?"

"इथे. पावसला."

गणपतीनंतर राहीने पावसला पाऊल टाकलं नव्हतं. तिने सागरला बजावलं, "मी येईपर्यंत टेम्पो हलला तर याद राख!" आणि स्कूटर काढली. भाट्याचा पूल कधी गेला, गोळपचा चढ कधी आला, तिला कळलं नाही. परक्याने लुबाडलं असतं तर तिने पोलीस बोलावले असते, रस्त्यात उभं राहून शिव्या दिल्या असत्या. सख्ख्या भावाने केसाने गळा कापल्यावर ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

बागेतलं घर चिऱ्याचं, खाली तांबडी वाट, वर मोहोर. बाग राखणारी यमुनाबाई अंगण झाडत होती. राहीला बघून तिचा हात थांबला.

"आज दारातनं कशा आलात ताई?"

"म्हणजे?"

"नाय, रोज तुम्ही आतच असता. मी कंदी येताना बघितलं नाय." ती हसली, पण अर्धवटच. तिने खिडकीतून आत पाहिलं, मग परत राहीकडे. हसू मावळलं. झाडू तिथेच टाकून ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली.

राही आत गेली.

खुर्ची खिडकीशी होती. भुगा झालेली खुर्ची, अंगावर साधा ओरखडा नाही. रिकामी. पण वेताची बैठक खाली दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी.

समोर स्टुलावर दादा बसला होता. पुढे झुकून, हात गुडघ्यांवर. लहानपणी राहीला ताप आला की तो उशाशी असाच बसायचा.

"खोटं बोललास," राही म्हणाली. "इतकी वर्षं आपण... दादा, मी माझं अख्खं आयुष्य घातलं रे त्यात."

"मला एक तरी जिन्नस माझ्याजवळ हवा होता," तो शांतपणे म्हणाला. "तू दिला नसतास. एखादी वस्तू तरी कधी मला विचारून मांडलीस? म्हणून ही इथे ठेवली. मग तू यायला लागलीस."

"मी इथे आले नाही!"

"बघ, लगेच भांडण." तो राहीशी बोलत होता, पण बघत खुर्चीकडे होता. "ही भांडत नाही. ऐकून घेते. आधी दुपारपुरती यायची. आता उठतच नाही."

"तिथे कुणी नाहीये, दादा. माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं. ओळख पटायला वेळ लागावा तसं बघितलं.

"दादा, मी राही."

दादा खुर्चीकडे वळला. आवाज एकदम मऊ झाला. राहीशी तो या आवाजात कधीच बोलला नव्हता.

"काय करूया हिचं?"

बाहेर बागेत चाललेला फवारणीचा पंप बंद पडला. दादा मान तिरकी करून ऐकत राहिला. राहीचा घसा दुखायला लागला.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तसंच करू."

राहीने खुर्ची ढकलायला हात उगारला. हात पुढे जाईना.

यमुनाबाई आतल्या दारात उभी होती. तिने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा राहीकडे.

"कप किती ठेवू, भाऊ?"

"दोन," दादा म्हणाला.

चहा आला. एक कप यमुनाबाईने दादाच्या हातात दिला. दुसरा खुर्चीजवळच्या तिवईवर ठेवला आणि राहीला वळसा न घालता, तिच्या अंगाला घासून निघून गेली.

कप तिवईवरच होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

राहीची जीभ पोळली.