बंगल्याची खिडकी

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात करंजखेडच्या इंद्रभानच्या घराची पुढची खिडकी उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाऊन टाकली. वरून चौकट धडधाकट दिसत होती. मनकर्णानं झाडता झाडता केरसुणीचा बुंधा टेकवला, तर आत नुसता भुसा. दोन दिवसांनी एक पल्ला निखळून अंगणात पडला.

नवरा-बायको बैलगाडीनं रिसोडला उकंडराव सुताराकडे गेली. त्यानं माप ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कडुनिंबाची चौकट, बाभळीचे पल्ले. उधई तोंड नाई लावणार."

इंद्रभाननं मान हलवली. पण मनकर्णाचं लक्ष भिंतीला टेकून ठेवलेल्या एका जुन्या खिडकीकडे होतं. गावाबाहेरचा कुणा साहेबाचा बंगला पाडला, त्यातली ती. सागवानी, उभे लाकडी गज आणि पल्ल्यांना चार काचा. मनकर्णानं पदरानं एक काच पुसली. काचेत तिच्यामागचं सगळं आवार लख्ख दिसलं.

"मले हेच पाह्यजे," ती म्हणाली.

"मातीच्या घराले कायले पाह्यजे हा थाट?" इंद्रभान म्हणाला.

वीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच हटून बसली. इंद्रभान वाईट माणूस नव्हता, फक्त घुमा होता. त्यांची एकुलती एक मुलगी तीन महिन्यांची होऊन गेली, त्या दिवसापासून त्यानं तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मनकर्णानं ते दुःख एकटीनंच गिळलं. हा माणूस दगडाचा आहे, दगडाला काय बोलायचं, असं म्हणून तिनं त्याला मनोमन माफ करून टाकलं होतं.

उकंडरावानं खिडकी बसवली, सांध्यांत चुना भरला आणि मनकर्णाला नीट समजावलं. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा जवसाचं तेल पाजायचं. पावसात लाकूड फुगलं तर पल्ला ओढायचा नाही, त्याला बोलवायचं. तो गेल्यावर समोरच्या खोलीत पहिल्यांदाच इतका उजेड आला. कोपऱ्यातली ज्वारीची कणगी, खुंटीवरचं नवऱ्याचं धोतर, सारं कसं नवं दिसू लागलं.

आषाढात शेतात तणाचं निंदण सुरू झालं. एका संध्याकाळी शेजारची पंचफुला विहिरीवर भेटली. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. एकीचं मीठ दुसरीच्या घरी.

"काय व, मोठी झाली का आता? दुपारी दोन हाका देल्ल्या. खिडकीत बसली होती, पण पाह्यलं बी नाई."

"मी तं दिवसभर वावरात होती."

"मंग माह्या डोळ्याले झापड आली असन," पंचफुला हसली. मनकर्णाही हसली.

श्रावणात पल्ला फुगून अडकला. उकंडराव रंधा घेऊन आला तेव्हा मनकर्णा नदीवर धुणं धूत होती. ती परतली तर तो सामान आवरत होता.

"झालं, वैनी. तुमी आतून गज धरून बसल्या म्हणून बरं झालं. नाई तं चौकट हालली असती."

मनकर्णाच्या डोक्यावर अजून ओल्या धुण्याचं गाठोडं होतं. उकंडरावानं गाठोड्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ताकाचा पेला न घेताच तो निघून गेला.

दसरा झाला, कापूस फुटला. मनकर्णा वेचणीला जाई. इंद्रभान मात्र दुपारी घरी राहू लागला. पाठ धरली म्हणे. एक दिवस ती कापसानं ओटी भरली म्हणून लवकर परत आली, तर कुंपणापाशीच तिचे पाय थबकले. इंद्रभाननं खाट अंगणात आणून खिडकीसमोर टाकली होती, आणि तो बोलत होता.

इतकं बोलताना तिनं त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"पोरीचे डोये तुह्यावानीच होते," तो खिडकीला सांगत होता. "त्या दिशी मी बाहीर काहून गेलो, माईत आहे? माह्याच्यानं पाहवत नव्हतं. तिकडे बंधाऱ्यावर बसून लय रडलो. कोणाले सांगतलं नाई."

त्यानं हातानं डोळे पुसले. थोडा थांबला, जसं कुणाचं उत्तर ऐकावं. मग मान डोलावली.

कुंपणाच्या काट्याला धरून मनकर्णा उभी होती. बोटातून रक्त आलं ते तिला कळलं नाही. इतकी वर्षं ती ज्या एका वाक्याची वाट बघत होती, ते तिचा नवरा दुसऱ्याच कुणाला सांगत होता.

ती तरातरा आत गेली. खोलीत कुणी नव्हतं.

"कोणासंग बोलत होते?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

"तुह्यासंगच तं."

"मी आताच आली वावरातून. हे पाहा, ओटी भरून आहे."

इंद्रभाननं कापसानं फुगलेल्या ओटीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. बराच वेळ. त्याच्या नजरेत लाज नव्हती, चोरी पकडल्याची भीती नव्हती. एखाद्या पाहुण्याची ओळख पटत नसावी तसा तो बघत होता.

"तिले सारं समजते," तो हळूच म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं सांगितलं, "मी उकंडरावले बलावतो. ही खिडकी काढून टाका."

"खिडकीले हात लावशीन तं पाहा," इंद्रभान म्हणाला. लग्न झाल्यापासून तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला होता.

दिवाळी गेली. तेल पाजायचे दिवस आले. मनकर्णा वाटीत जवसाचं तेल आणि चिंधी घेऊन खिडकीपाशी बसली. तिनं पहिला गज पुसला आणि चिंधी थांबली. लाकडाला तेल आधीच लागलेलं होतं. नीट, सांध्यासांध्यात मुरवलेलं. अजून बोटाला चिकटत होतं. खालच्या फळीवर दोन जागी लाकूड गुळगुळीत झालेलं होतं. कोपरं टेकून कुणी वर्षानुवर्षं बसावं, तसं.

तिनं आपली कोपरं त्या दोन जागी टेकवून पाहिली. बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेली नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली, केस विंचरले आणि दुपार व्हायच्या आत खिडकीत जाऊन बसली. बायको मीच आहे. बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. तिला एवढंच त्याला दाखवायचं होतं.

इंद्रभान आला. खाट टाकली. बसला. वर पाहिलं.

मनकर्णा त्याच्याकडे बघून हसली.

तो हसला नाही. त्याची नजर तिच्या खांद्यावरून आत काहीतरी शोधत होती.

"अहो," ती म्हणाली, "मी आहो नं."

"हो, दिसून राह्यली." तो उठून गजांपाशी आला. आवाज अगदी मऊ होता. "जराशी सरक. तिले बसू दे."

मनकर्णाच्या उजव्या बाजूला, फळीवर, जागा नव्हती. तरी तिच्या दंडाला गार काचेसारखं काहीतरी टेकलं.

ती सरकली.

इंद्रभानचा चेहरा उजळला.

त्याच दुपारी ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी निघाली. कुंपणाबाहेर पंचफुला जात्यासाठी ज्वारी पाखडत होती. मनकर्णानं तिला हाक मारली. पंचफुलानं सूप खाली ठेवलं नाही. ती खिडकीकडे बघून कुणाला तरी हात करत होती.

मनकर्णा रिसोडजवळच्या एका खेड्यात भाऊ रामरावाकडे राहिली. नवरा न्यायला येईल, निदान निरोप तरी धाडील, म्हणून तिनं पौष काढला. कुणी आलं नाही. रामराव दोनदा करंजखेडला जायला निघाला, दोन्ही वेळा तिनंच अडवलं. तो तिथं कुणाला बघून येईल, याची तिला धास्ती होती.

माघात ती भावजयीबरोबर रिसोडच्या बाजाराला गेली. मिरच्यांच्या ढिगापाशी समोरून पंचफुला आली. मनकर्णाला भडभडून आलं. तिनं पुढं होऊन तिचा हात धरला.

"पंचफुले!"

पंचफुला दचकली. तिनं हात हळूच सोडवून घेतला, पण हसली. अनोळखी बाईशी हसतात तसं.

"तुमी मनकर्णाच्या बहीण नं? बाप्पा, काय सारख्या दिसता! ती म्हणे, बाजारात माही बहीण भेटन, सोतालेच मनकर्णा म्हणन. पण तिचं मन नाई मोडायचं म्हणे. विचारजो, बरी आहे का म्हणून."

मनकर्णाला बहीण नव्हती. पंचफुलाला ते वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

भावजय मागं मिरच्यांचा भाव करत होती. पंचफुला उत्तराची वाट बघत उभी होती, अगदी मायेनं.

"सांगा तिले," मनकर्णा म्हणाली, "बरी आहे म्हणा बहीण."