चाळिसावा संच

"काय मेलं त्या डब्याचं कौतुक! ठेवायला जागा हवी, पुसायला फडकं हवं, वर रोज वही भरा. शाळेतसुद्धा इतकं लिहिलं नव्हतं मी."

शिंपीणबाईंची ही कुरकुर बंद दारातूनही स्वच्छ ऐकू येत होती. वहीवालीने घंटीकडे नेलेला हात तसाच थांबवला. लोकांचं खरं मत घंटी वाजवायच्या आधीच कळतं, हे तिला या कामाच्या पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं.

"हळू बोल," शिंप्याचा आवाज आला. "यायची वेळ झालीय तिची. बंद कर ते आधी."

खट्. मग शिवणयंत्राची घरघर सुरू झाली, जरा घाईतच.

वहीवाली हे नाव तिला लोकांनीच दिलेलं. शहराच्या रेडिओ केंद्राने सहा आठवड्यांसाठी चाळीस डिजिटल संच वाटले होते. जुनं प्रक्षेपण यंत्र आता दुरुस्तीच्याही पलीकडे गेलं होतं. लोकांनी नवे संच आपलेसे केले तर केंद्र राहणार, नाहीतर दाराला टाळं. प्रत्येक संचाबरोबर एक वही होती आणि तिच्यात चार रकाने: वेळ, कार्यक्रम, निवेदक, शेरा. दर आठवड्याला भरलेल्या वह्या गोळा करायच्या, कोऱ्या द्यायच्या आणि शेवटी अहवाल लिहायचा, एवढंच तिचं काम. यादीत पत्ते मात्र एकोणचाळीसच होते. चाळिसाव्यासमोर 'केंद्रातच' असं लिहिलेलं होतं, म्हणून तिने तो सोडून दिला.

केंद्र राहावं असं तिला वाटायचं ते रेडिओच्या प्रेमापोटी नव्हे. सकाळचा कार्यक्रम गेली सव्वीस वर्षं तिची थोरली बहीण करत होती. अख्खं शहर तिला ताई म्हणायचं, त्यामुळे सख्ख्या बहिणीच्या वाट्याला ताई जरा कमीच यायची. दोघींनी लग्न केलं नव्हतं. संसार होता तो एकमेकींशीच, भांडणासकट. केंद्राला टाळं लागलं तर ताई पहाटे साडेचारला उठून करणार काय, हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कधी विचारला नव्हता.

पहिल्या आठवड्याच्या वह्यांत वेळा चुकल्या होत्या. सहाचा कार्यक्रम लोकांनी पाच अठ्ठावन्नला लिहिला होता. तिने केंद्राच्या तंत्रज्ञाला विचारलं. त्याला सगळे वायरवाला म्हणायचे.

"डिजिटल आवाज उशिरा पोचतो, मॅडम," तो म्हणाला. "इकडे गाठोडं बांधायचं, तिकडे सोडायचं. त्यात दोन-तीन सेकंद जातातच. तो मागे पडेल, पुढे कसा जाईल? लोकांची घड्याळं बघा."

तिने घड्याळं बघितली. ती बरोबर होती. पण सगळ्या घरांची घड्याळं बरोबर आणि सगळ्यांच्या वह्या चूक, यातलं कुणाला तरी सरळ करणं भाग होतं. वह्या हातात होत्या. तिने शिसपेन्सिल घेतली आणि दोन मिनिटं पुढे करून टाकली.

दुसऱ्या आठवड्यात फरक पाव तासाचा झाला, तिसऱ्यात दोन तासांचा. चौथ्या आठवड्यात रविवारची मुलांची गोष्ट शनिवारच्या पानावर होती, आणि तीही एका घरात नाही, एकोणचाळीस घरांत. लोकांना साधा वारही धड लिहिता येत नाही, असं पुटपुटत तिने एकोणचाळीस ठिकाणी शनिवार खोडून रविवार केला. हात भरून आला. अहवाल नीटनेटका दिसायला हवा होता.

मग गारा पडल्या.

पाचव्या आठवड्यातली गोष्ट. शिंप्याची वही सकाळी घेऊन ती निघाली आणि दुपारी बस थांब्यावर उभी असताना पत्र्यावर एकदम ताडताड सुरू झालं. सुपारीएवढ्या गारा. दहा मिनिटांत थांबल्याही. घरी येऊन तिने ओली पिशवी उघडली, वही पंख्याखाली वाळत घातली आणि सहज वाचली. शिंपीणबाईंचं मोठं, गोल अक्षर होतं. 'बातम्या. बस थांब्याचा पत्रा गारांनी फुटला. कुणाला लागलं नाही.'

पत्रा फुटला तेव्हा ही वही तिच्या काखेतल्या पिशवीत होती.

तिने पेन्सिल उचलली, आणि काय दुरुस्त करायचं ते न सुचून परत खाली ठेवली. मग गोळा केलेल्या सगळ्या वह्या काढल्या. गेल्या गुरुवारपर्यंत निवेदकाच्या रकान्यात 'ताई, ताई, ताई' असं ओळीने लिहिलेलं होतं. गुरुवारपासून तो रकाना कोरा होता. सगळ्या घरांत कोरा. काहींनी वेळही लिहिणं सोडलं होतं. यादीतल्या चष्मेवाल्याने तिथे काहीतरी लिहून इतकं खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

आता सहावा आठवडा चालू होता. शेवटची फेरी. तिने घंटी वाजवली.

शिंप्याने दार उघडलं. संच कपाटावर होता, बंद. तिने सहज हात ठेवला. संच गरम होता.

"कसा चाललाय?"

"छान," शिंपी कापडाकडे बघत म्हणाला.

"आवाज?"

"स्वच्छ आहे. फारच स्वच्छ."

"मग परत न्यायचा की ठेवणार?"

"ठेवणार," शिंपीणबाई चटकन म्हणाल्या. मघाशी कुरकुरणाऱ्या त्याच. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. पाणी कोमट होतं. "घ्या. घसा बरा आहे ना तुमचा?"

"घशाला काय झालंय माझ्या?"

"काही नाही. आपलं विचारलं." मग शिंप्याकडे बघून म्हणाल्या, "बोलल्या ना त्या आत्ता? नीट बोलताहेत."

"तू गप्प बस," शिंपी म्हणाला.

चष्मेवाल्याने तिला ज्येष्ठमधाच्या कांड्या दिल्या. कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांनी दारातच तिचा हात दोन्ही हातांत घेतला. एरवी पेन्सिल मागितली तर पावती मागतील असा माणूस. "फार संयमाने बोललात हो," ते म्हणाले.

"कधी?"

मास्तरांनी हात सोडला. "बसा. नाही, नका बसू. उशीर होईल तुम्हाला. घरी असतील ना ताई आत्ता? मग जा घरी."

संच सगळ्यांनीच ठेवले. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस. नाकं मुरडणाऱ्यांनीसुद्धा. अहवाल यापेक्षा चांगला होऊच शकत नव्हता. पाच वाजता ती जिना चढत होती, तेव्हा तिला एकदम चाळिसावा संच आठवला.

ताई बाल्कनीतल्या उन्हात मटार सोलत बसली होती.

"आलीस? चप्पल आत आणू नकोस, पुसलंय."

"ताई, केंद्रातला संच कुणाकडे असतो?"

ताईने एक शेंग सोलली. दाणे मोजल्यासारखे ताटात पाडले.

"माझ्याकडे. तुझ्या कपाटावर आहे. शालीत गुंडाळलाय."

"इथे? घरात? मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? पत्ता नाही म्हटल्यावर सोडून दिलास. कामात अशी टंगळमंगळ बरी नव्हे." ती हसली आणि ताटाखालून वही काढली. "घे. मीसुद्धा भरलीय. इमानदारीत."

ताईने पाचवा रकाना स्वतः आखला होता. पहिल्यावर लिहिलं होतं 'कधी ऐकलं', शेवटच्यावर 'कधीचं ऐकलं'. दोन मिनिटं. पाव तास. दोन तास. एक दिवस. कुठेही खाडाखोड नव्हती. निवेदकाच्या रकान्यात 'मी, मी, मी' असं होतं.

मग तो गुरुवार, जिथून सगळ्यांचे रकाने कोरे होते. त्याच्यासमोर 'कधीचं ऐकलं' मध्ये लिहिलं होतं: सहावा आठवडा संपल्यावरचा पहिला सोमवार, सकाळी सहा.

निवेदकाचा रकाना कोरा होता. तिथे शाईचा एक ठिपका होता, पेन बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

"हा राहिलाय," वहीवाली म्हणाली.

"हो."

"ताई, मी आयुष्यात माइकसमोर उभी राहिलेली नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"माहितीये मला."

खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग बोलली ती सकाळच्या आवाजात, ज्या आवाजात ती सव्वीस वर्षं शहराला वेळ सांगत आली होती.

"सोमवारी मी नाहीये गं. तू बोलतेस. घसा पार बसलाय तुझा, पण छान बोलतेस. फक्त माइकच्या जरा जवळ बस. माझं नाव घेतेस, तिथे काही ऐकू येत नाही."