खाली काम चालू आहे

सकाळचा चहा झाला आणि तात्या लेकीकडे निघाले. एका हातात हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात दोरीने बांधलेला नवाकोरा पंप. उभा जन्म पाणीखात्यात फिटर म्हणून गेलेला. निवृत्तीनंतर घरात बसून त्यांचे हात शिवशिवायचे. त्यामुळे लेकीने तळघराचं रडगाणं फोनवर गायलं तेव्हा तिच्याविषयी वाईट वाटायच्या आधी त्यांना जरा बरंच वाटलं होतं.

लेक आणि जावई त्या घरात राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. घर उजेडाचं होतं, मागे ऐसपैस अंगण होतं. फक्त तळघर तेवढं ओलं. पाऊस असो नसो, जमिनीतून पाणी झिरपायचं, घोट्याएवढं साचायचं आणि त्याचा कुबट वास जिन्याने वर येऊन कपाटातल्या कपड्यांना लागायचा. जावयाला मुळातच दमा. हल्ली तो उशीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायचा. लेकीने बादल्यांनी पाणी उपसून पाहिलं होतं. खांदे भरून आले, पाणी होतं तेवढंच.

तात्यांच्या लेखी हे काही अवघड काम नव्हतं. सगळ्यात सखल कोपऱ्यात खड्डा घ्यायचा, त्यात भोकं पाडलेलं प्लास्टिकचं पिंप उतरवायचं, पिंपात पंप ठेवायचा. झिरपलेलं पाणी आपसूक खड्ड्यात येतं, वर चढलं की पंपाला जोडलेला फुगा उचलला जातो, पंप चालू होतो आणि पाणी पाइपाने अंगणात. जावई दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर होता, तो दुपारनंतर यायचा. तेव्हा बापलेकच खाली उतरले. खालचा दिवा मिणमिणता, म्हणून लेकीने बॅटरी धरली आणि तात्यांनी छन्नी लावली.

पहिल्या घावापासूनच त्यांना आवाज खटकला. घाव इथे पडायचा आणि आवाज किंचित उशिरा, खालून आल्यासारखा यायचा. एकदा घाम पुसायला त्यांनी हात थांबवला, तर एक घाव जास्तीचा ऐकू आला. खाली पोकळी असेल, असं ते लेकीला म्हणाले. तिने मान डोलावली, पण बॅटरीचा झोत जरासा हलला.

जमीन फुटली आणि पाणी वर आलं. तात्यांनी गढूळ पाण्याची तयारी ठेवली होती. हे नितळ होतं. त्यांनी हात घातला आणि चटकन बाहेर काढला. पाणी कोमट होतं, नुकतंच कोणीतरी अंग धुऊन गेल्यासारखं. लेकीला त्यांनी ते सांगितलं नाही. घाबरवायचं कशाला उगाच.

कामाला लागल्यावर माणूस विसरतो. पिंप उतरलं, भोवती खडी भरली. तात्यांनी पाना मागितला, तिने दिला, तर ते म्हणाले, "तो नव्हे, मोठा."

"हाच मोठा आहे, तात्या."

"मग याच्याहून मोठा दे."

ती खळखळून हसली. त्या कोंदट जागेत ते हसू छान वाटलं. पंप खड्ड्यात बसला, पाइप भिंतीतून बाहेर काढला. झाकण आणि विजेची जोडणी तेवढी राहिली. पाइपाचं बाहेरचं टोक बसवायला दोघं मागच्या अंगणात गेले, जाताना खालचा दिवा मालवून. जोडाला लावलेलं सोल्युशन वाळेपर्यंत काही करता येत नव्हतं, म्हणून लेकीने चहा आणला आणि दोघं उन्हात पायरीवर टेकले. पायरीशेजारीच, जमिनीलगत, तळघराचा लहानसा झरोका होता.

चहा अर्धा झाला असेल. झरोक्यातून आवाज आला.

"तो नव्हे, मोठा."

आवाज तात्यांचा होता. त्याच्यामागोमाग लेकीचा, तिचंच वाक्य, आणि मग तिचं ते खळखळून हसणं.

लेकीने कप खाली ठेवला. पोकळीत आवाज घुमत राहतो, असं तात्या तिला समजावू लागले. कितीतरी जुन्या टाक्यांमध्ये त्यांनी असं ऐकलं होतं, म्हणे. खरं तर कधीच ऐकलं नव्हतं. आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत खालच्या तात्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं. ते त्यांनी आज, तिथे, कधीच म्हटलं नव्हतं.

"आता झाकण घेऊ. कोणीतरी धरायला हवं."

जिन्यावर पावलं वाजली आणि तिसरा आवाज आला, दमेकऱ्याचा, वाक्यामध्ये थांबणारा.

"थांबा तात्या... मी धरतो."

जावई कामावरून आला होता. पुढच्या दाराने आत शिरला असणार. घरात कोणी दिसेना, खालून दोघांचं बोलणं ऐकू आलं, तसा तो सरळ खाली उतरला होता.

तात्या या वयातही धावले. लेक त्यांच्या पुढे होती. स्वयंपाकघराशेजारी तळघराचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्याशी जावयाचे बूट होते. खाली अंधार. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. अंधारातून त्यांचाच आवाज, अगदी मायेने, म्हणत होता, "जावईबापू, जरा पुढे या. हात आत घाला. अजून थोडा... अजून."

"वर या," तात्या ओरडले. "आम्ही इथे वर आहोत. तसेच वर या."

खालून तोच मायेचा आवाज म्हणाला, "वर कोणीतरी हाका मारतंय. लक्ष देऊ नका."

आणि लेकीचा आवाज म्हणाला, "हो ना. मी तर इथे तुमच्याजवळ आहे."

तात्या जिन्याच्या तोंडाशीच थबकले. आपण कितीही कंठशोष केला तरी खालच्या माणसाला दोन तात्या ऐकू येणार, आणि जवळचा तात्या त्याला खरा वाटणार. खाली उतरावं, तर अंधारात ज्याचा हात हाती येईल तो कोणाचा असेल? तरी त्यांनी एक पाऊल टाकलं. लेकीने त्यांचा दंड धरला. तिचा चेहरा वेगळाच झाला होता, आतल्या आत काहीतरी शोधत असल्यासारखा.

मग तिने नवऱ्याला हाक मारली. त्याच्या नावाने नाही. नवराबायकोत असतं तसं एक नाव होतं ते, अर्धवट, लाडाचं, चारचौघांत कधी न उच्चारलेलं. तात्यांनी ते जन्मात प्रथमच ऐकलं. एरवी बाप म्हणून ते अवघडले असते. ती ओरडली नाही. ती हळूच, एकदाच म्हणाली.

खाली पाण्यात काहीतरी जोरात हिसडलं गेलं. मग पावलं, धडपडत, जिन्यावर. जावई उजेडात आला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला होता आणि त्यातून वाफ निघत होती. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"तुम्ही तर खाली होता..." तो म्हणाला. "दिवा नको म्हणालात, डोळ्यांना त्रास होतो म्हणून. माझं मनगट धरून दाखवत होता, नट कुठे आहे ते."

तेवढ्यात खालून, जिन्याच्या अगदी तळाशी आल्यासारखा, लेकीचा आवाज आला. हळूच, एकदाच. त्या आवाजाने तेच लाडाचं नाव म्हटलं.

तात्यांनी दार लोटलं, कडी घातली, शिवाय स्वयंपाकघरातलं टेबल आणून लावलं. अंधार पडायच्या आत तिघं अंगावरच्या कपड्यांनिशी तात्यांच्या घरी आले. त्या दिवसानंतर लेकीने नवऱ्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. जावयाचा दमा मात्र तात्यांच्या कोरड्या घरात निवळला. तो आडवा होऊन झोपू लागला. त्या दुपारचा विषय कोणी काढत नसे. घर विकून टाकू, एवढंच एकदा ठरलं.

मग एका सकाळी तिकडच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. लेक भाजी निवडत होती, जावई कामावर गेला होता, म्हणून तात्यांनीच घेतला. काकू खुशीत होत्या. पंप झकास चालतोय म्हणाल्या, अंगणात पाइपातून स्वच्छ पाणी येतं. तुम्ही सगळे परत आलात हे बरं केलंत, बंद घर शेजारी नकोसं वाटतं. दिसत नाही कोणी, पण संध्याकाळी झरोक्यातून तुमचं बोलणं, हसणं कानावर येतं. मग त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं. तात्यांनी ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

त्या पंपाला त्यांनी वीज जोडलीच नव्हती. पण लेकीला ते सांगायचं सोडून ते भलतंच बोलून बसले.

"काकू म्हणतात, नातवंड गोड बोलतं तुमचं. सारखं आजोबा, आजोबा करतं... त्यांना दुसरं कोणतं तरी घर ऐकू येत असेल."

लेकीच्या हातातली भाजी तशीच राहिली. तिने दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचा हात नकळत पोटाकडे गेला.

"तात्या," ती पुटपुटली, "मला परवाच कळलंय... मी अजून यांनासुद्धा सांगितलेलं नाही."