माव्रोने होकार दिला नव्हता

गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दुपारी मी टेकडीवरच्या चर्चमध्ये दिव्यासाठी तेल द्यायला निघाले. भाची आरेती दार अडवून उभी राहिली.

"आत्या, नको ना जाऊस. प्रोकोपिस गेला, इग्नातिस गेला. आता तू एकटीच उरलीयेस."

"म्हणूनच जाते. घरात बसले तर ते मला शोधत घरी येईल. त्यापेक्षा मीच गेलेली बरी."

आमच्या लेस्वोस बेटावर संताला बैल देतात. आधी झऱ्यापाशी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं. त्याने मान खाली घातली की तो त्याचा होकार, मगच सुरी. नाही घातली, तर गळ्यातल्या माळेसकट घरी न्यायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं. ही रीत संताच्याही आधीची आहे, असं म्हातारे सांगतात.

त्या दुपारच्या तीन वर्षं आधी माझा माव्रो नेला होता. काळाभोर बैल, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. त्याची तमालपत्राची माळ मीच बांधली, माझ्या आईने शिकवलेल्या दुहेरी गाठीने. पाणी ओतायचं काम इग्नातिसचं; त्याने तीनदा ओतलं. माव्रो ताठ उभा.

"नाही म्हणतोय," मी म्हटलं. "घरी नेते."

"मिर्सिनी, लग्न लावलंयस का त्याच्याशी?" प्रोकोपिस खाटीक सुरीला धार लावत हसला. "कढया चढल्यात, गहू भिजलाय, गाव उपाशी बसलंय. इग्नातिस, कानात ओत."

कानात पाणी गेल्यावर कुठलंही जनावर डोकं झटकणारच. "हो म्हणाला," लोक ओरडले. दोरी माझ्या हातात होती. मी ती सोडून त्याला जाऊ दिलं नाही. संध्याकाळी गव्हात शिजलेलं त्याचं मांसही खाल्लं. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या सणाला प्रोकोपिस झऱ्यावर तोंड धुताना गेला. त्याच्या पुढच्या वर्षी इग्नातिस. दोघांचीही मान खाली, कपाळ दगडाला टेकलेलं, केस ओले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

गेल्या वर्षी मी चर्चच्या वाटेवरच्या त्याच झऱ्यापाशी पोचले तेव्हा भर दुपार होती. झाडांवर किरकिरणारे किडे एकदम थांबले. ओल्या कातड्याचा वास आला. माझ्यामागे खडीवर खूर वाजले, सावकाश, ओळखीचे… डावा मागचा पाय किंचित ओढत. माव्रो तसाच चालायचा.

डोक्यावर थंड पाणी पडलं. वर कुणी नव्हतं.

मान आपोआप खाली जाऊ लागली. कुणीतरी मायेने हात ठेवावा तसं ते वजन होतं. मी दात आवळले आणि समोरच्या ऑलिव्हच्या शेंड्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा पाणी. तिसऱ्यांदा. मान ताठच ठेवली.

मग कानाशी गरम श्वास आला. डाव्या कानात गार थेंब उतरला, आत, खोल. डोकं झटकावं म्हणून जीव कासावीस झाला.

"हे आम्ही केलं होतं…" मी हळूच म्हटलं. "फसवणूक होती ती. मी गप्प राहिले, माझं चुकलं. पण तूही तीच फसवणूक करणार असशील, तर तू माझा माव्रो नाहीस. रीतीने विचार. मी नाही म्हणतेय."

बराच वेळ श्वास तिथेच होता. मग खूर दूर गेले. घरी येईपर्यंत गळ्यात माळ आहे हे मला कळलंच नाही. ताज्या तमालपत्राची, माझ्याच दुहेरी गाठीची. आई गेल्यापासून ती गाठ माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

नाही म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. ते वर्ष आज भरलं. सकाळी दाराच्या कडीला नवी माळ होती. मी ती स्वतःच्या हाताने गळ्यात घातली आणि तेलाची बाटली घेतली. आरेती दारातच होती, पण या वेळी ती बाजूला झाली. माझ्याकडे बघत ती पुटपुटली, "आत्या… तुझ्या डाव्या कानातून पाणी येतंय…"

"येऊ दे," मी म्हटलं. "मान सरळ आहे ना?"