आई हयात आहे

आईचं घर विकायचं होतं, त्या दिवशी मी सकाळी सातलाच कागदांची पिशवी भरून ठेवली. मुखत्यारपत्र, ओळखपत्रं, फोटो, घराच्या दोन चाव्या. शिवाय एक काळं पेन आणि एक निळं, कारण नोंदणी कार्यालयात कुठली शाई चालेल ते कोणी धड सांगत नाही.

आई दोन वर्षं शुश्रूषागृहात होती. मला ती सिस्टर म्हणायची आणि सिस्टरला माझ्या नावाने हाक मारायची. सगळं विसरली होती, पण मी निघाले की माझं बोट धरून एकच विचारायची, "घरी कधी जायचं?"

"जाऊ हं. जरा बरं वाटू दे."

दर वेळी हेच सांगून मी बोट सोडवून घेत असे.

मुखत्यारपत्र तिनेच चार वर्षांपूर्वी करून दिलं होतं, शहाणीसुरती असताना. वकीलकाकांनी तेव्हा मला बजावलं होतं, "हा कागद आईच्या श्वासावर चालतो बरं का. ती आहे तोवर तुझी सही म्हणजे तिचीच सही. ती गेली, की ही नुसती रद्दी."

आई हसली होती. "म्हणजे आता मरायलाही हिची परवानगी काढायची म्हणा!"

घर विकण्यावाचून इलाज नव्हता. आईचा पुढचा सांभाळ त्यावरच व्हायचा होता. आणि आई आधी गेली असती, तर घरात भावाचा वाटा आला असता. भाऊ सहा वर्षं कुणाशी बोलत नव्हता. त्याचा पत्ताही मला माहीत नव्हता. सही मागायला कुणाच्या दारात उभी राहणार होते मी?

नोंदणी कार्यालयाच्या बोळात लाकडी बाकावर आम्ही नंबराची वाट पाहत बसलो. घर घेणारं जोडपं तरुण होतं. बायको माझ्या शेजारी बसून कुठल्या खोलीला कुठला रंग द्यायचा ते सांगत होती. नवरा म्हणाला, "ताई, हिने रंग सात वेळा बदललाय. आज सही झाली नाही तर आठवा येईल."

मी हसले. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

शुश्रूषागृहाचा नंबर होता.

त्या नंबरावरून सकाळी कधीच फोन येत नसे. हे मी सहसा कुणाला सांगत नाही... फोन हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं. घेतला असता तर खात्री झाली असती. नाही घेतला, तर मला काही माहीत नव्हतं. मी तो बंद केला आणि पिशवीच्या तळाशी, कागदांखाली सरकवला.

"कुणाचा होता?" शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं.

"कुणाचा नाही. उगाच काहीतरी विकायला करतात."

सव्वादोन तासांनी आमचा नंबर लागला. टेबलापलीकडचा कारकून दोन बोटांनी टाइप करत होता. मान वर न करता म्हणाला, "मुखत्यारपत्र करून देणाऱ्या हयात आहेत?"

"हो."

"तोंडी चालत नाही बाई. लिहून द्या."

छापील कागद होता. 'माझी आई आज रोजी हयात आहे, हे मी शपथेवर लिहून देते.' मी काळ्या पेनाने सही केली. घड्याळात बाराला वीस कमी होते.

शेवटचं अक्षर पुरं झालं आणि डोक्यावरचा पंखा एकदम गप्प झाला. फिरत होता, पण आवाज नव्हता. त्या शांततेत वॉर्डातला वास आला, फिनेलचा आणि आईच्या पावडरचा. मग माझ्या कानाशी कुणीतरी श्वास आत ओढला. खोल पाण्यातून वर आलेलं माणूस ओढतं ना, तसा. लांब... घरघरता...

"पुढचे," कारकून म्हणाला.

चाव्या मी त्या मुलीच्या हातात ठेवल्या. तिने वाकून नमस्कार केला. मी पिशवी उचलून निघाले.

शुश्रूषागृहात पोचले तेव्हा सिस्टर दारातच उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"ताई, किती फोन केले..."

"काय झालं?"

"नऊ वाजता आजी गेल्या." तिने मागे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "डॉक्टरांनी तपासलं. मी स्वतः डोळे मिटवले, चादर ओढली. अंग गार पडलं होतं, ताई. आणि बाराच्या सुमाराला..."

"किती वाजता?"

"बाराला वीस कमी असतील. चादर हलली."

डॉक्टर बेसिनपाशी होते. नाडी मंद असेल, माझीच चूक झाली, असं म्हणाले. माझ्याकडे न बघता हात धूत राहिले. मी निघेपर्यंत ते हात धूतच होते.

आई पलंगावर ताठ बसली होती. मला पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिने मला माझ्या नावाने हाक मारली. सगळं आठवत होतं तिला. माझं लग्न, बाबांचं आजारपण, स्वयंपाकघराच्या खिडकीची मोडकी कडी. तिने माझं बोट धरलं. हात दगडासारखा गार होता.

"मला बरं वाटतंय आता," ती म्हणाली. "चल. घरी जाऊ."

महिनाभरात शुश्रूषागृहाने तिला न्यायला सांगितलं. शेजारच्या बायका तिच्याकडे पाठ करून झोपत होत्या. तेव्हापासून आठ महिने ती माझ्याकडे आहे. जेवत नाही. झोपत नाही. नखं वाढत नाहीत. कुठे दुखतं का विचारलं, तर म्हणते, "सगळीकडे."

मी नोंदणी कार्यालयात जाऊन आले. त्याच कारकुनाला म्हटलं, मी खोटं लिहून दिलं, काय शिक्षा असेल ती द्या, पण तो कागद फाडा.

"आई आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग खोटं काय लिहिलंत बाई?" त्याला माझी कीव आली असावी. "घरी जा. आईंना सांभाळा."

त्या संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. फोनचं, सहीचं, चाव्यांचं. वाटलं, चिडेल, शाप देईल. निदान मला मारेल तरी.

तिने माझं बोट धरलं. "तू विकलंस म्हणजे मीच विकलं," ती शांतपणे म्हणाली. "पण मग मी आता जायचं कुठे गं?"

हेच ती रोज विचारते.

गेल्या महिन्यात तिच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेतला माणूस घरी आला. भला माणूस, बोलका. "आजी, दाबा जोरात, बँक तुमचीच आहे!" म्हणत त्याने तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. काही उमटलं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही. अंगठा काळाभोर आणि कागद कोरा. त्याने कागद तसाच घडी करून खिशात घातला आणि तो चहा न घेता गेला.

मला वाटलं, आता तरी कुणीतरी विचारेल. कुणीतरी तपासून खरं काय ते लिहील, आणि ती सुटेल.

काल टपालाने दाखला आला. मंजूर, शिक्क्यासकट. खाली अंगठा उमटलेला होता, एकेक रेष स्वच्छ.

मी बोट लावून पाहिलं. शाई ओली होती.