पेवाचा वास

वैशाखातल्या त्या सकाळी तुळसाबाई यवतमाळला नानाजींच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या पायांवर दोन कोसांच्या पायवाटेची धूळ होती आणि अंगाला पहिल्या एसटीच्या धुराचा वास. ती बसली नाही. पाणीसुद्धा उभ्यानेच प्याली.

नानाजी पंचवीस वर्षे कचेरीत नक्कलनवीस होते. परक्यांच्या जबान्या उतरवता उतरवता माणूस कुठल्या शब्दाशी अडखळतो, हे त्यांच्या बोटांनाच कळू लागले होते. नोकरी संपल्यावर त्यांनी त्याच बोटांवर शोधाचे काम सुरू केले. सोबतीला पंजाबराव असत : कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, मनाने निर्मळ, विचाराने सावकाश आणि भुकेला पक्के.

तुळसाबाईची हकीकत थोडक्यात अशी होती. राळेगाव तालुक्यात बोरखडी हे तिचे गाव. तिथे सर्वांचे मिळून एक पेव होते, जमिनीच्या पोटात खोदलेले धान्याचे कोठार. दर सुगीला घराघरातून त्यात ज्वारी पडे आणि दुष्काळाच्या वर्षी निघे. यंदा ते वर्ष आले होते. काल पंचांसमक्ष पेव फोडले, तर बारा पोत्यांच्या जागी तळाशी वीतभर दाणे. आणि त्या दाण्यांवर राखणदाराचा, म्हणजे तुळसाबाईच्या नवऱ्याचा, उकंडाचा दुपट्टा.

"आज दिवस मावळाच्या आत पंच बसनार," ती म्हणाली. "तो चोर ठरला तं पानी पडेपर्यंत आमच्या घराले गावच्या कोनत्याच धान्यात वाटा नाही. घरी दोन लेकरं हायेत, नानाजी. खायाले रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची जवारी, थोही चार दिवसांचा."

नानाजींनी टोपी घातली.

बोरखडीत ते पोचले तेव्हा ऊन शेतांवर पांढऱ्या राखेसारखे पसरले होते. उकंडा पेवाजवळच्या आपल्या खोपटात गुडघ्यांत डोके घालून बसला होता. छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतल्यापासून गावाने त्याच्यावर टाकलेली ही पहिली विश्वासाची कामगिरी, आणि ती अशी उलटली होती.

तो फारसे बोलेना. पंधरा दिवसांपूर्वी राजूरच्या खाणीत भावाचा पाय चेंगरला म्हणून तीन दिवस गेला होता, एवढे कळले. त्या तीन दिवसांत राखण कोणी केली, असे नानाजींनी विचारले.

"गोविंदाभाऊनं. पेवाचे कारभारी तेच. दुपट्टा मी खोपटातच इसरलो होतो. आल्यावर दिसला नाही. दुपट्ट्यासाठी कोन बोंब मारते?"

झाकणाचे ताजे सारवण कसे खटकले नाही, या प्रश्नावर त्याने मान हलवली. दर अमावास्येला कारभाऱ्याच्या घरची बाई, इंदूबाई, ते सारवीतच असे. ताजे सारवण हीच तिथली रीत होती.

पंजाबरावांचा संशय मात्र शेजारच्या बंजारा तांड्याच्या नाईकावर, पंचांतल्याच शंकरसिंगवर गेला. त्याच सुमारास त्याच्या दोन भरल्या गाड्या पेवावरून गेल्याचे गावात बोलले जात होते. शंकरसिंगने ते नाकारले नाही. सरकी होती, म्हणाला, राळेगावला उतरवली, उतरवणाऱ्याला विचारा. तांड्याचीही ज्वारी त्या पेवात होती आणि आता तांड्यातही चूल मिलोवरच पेटत होती. त्याने दोघांना भाकरी वाढली. ती लाल, कोरडी भाकरी पंजाबरावांनी पाण्याच्या घोटाबरोबर कशीबशी उतरवली.

"काल पेव फोडलं तेव्हा काय काय झालं?" नानाजींनी विचारले.

"पेव फोडलं की एक दिवस तोंड उघडं ठेवतात. मंग कंदील सोडतात. कंदील इझला तं मानूसही इझते. पाच वर्सामागं याच पेवात इंदूबाईचा भाऊ गेला, घाई केली म्हनून." शंकरसिंगच्या आवाजात आदर उतरला. "पर काल झाकन काढलं तं पेव भरलेलं दिसलं नाही, अन् गोविंदानं कंदिलाची वाट पाह्यली नाही. दोर बांधला अन् उतरला. म्हने, मेलो तं गावासाठी मेलो. तोच दुपट्टा घेऊन वर आला."

"आणि इंदूबाई?"

"बाजूले उभी. तोंडातून शब्द नाही. दगडाची बाई हाय."

"खरा मर्द," पंजाबराव हळहळून म्हणाले.

गोविंदाचा गोठा पेवाला लागूनच होता; त्याच्या घरी आदरातिथ्य भरघोस होते. लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची, सरकारी माणसे कुठलाही साठा जप्त करणार, अशी अफवा महिनाभर गावात फिरत होती. गोविंदा तिच्यावरच बोलत राहिला. ज्याचे त्याने आपल्या घरी राखावे हे बरे, सामाईक वस्तूला धनी नसतो. आपल्या घरात कणगीतली जुनी ज्वारी थोडी उरली आहे, तेवढ्यावर निभेल.

इंदूबाईने भाकरी वाढली. पांढरी नव्हे, पिवळसर. पंजाबरावांनी पहिला घास आशेने घेतला आणि दुसरा नाइलाजाने.

बाहेर येताच ते कुरकुरले, "ज्वारी मिळाली तीही आंबूस. बुरसा लागल्यासारखा वास. नानाजी, आज माझ्या पोटाचं नशीब खोटं आहे."

नानाजी वाटेत थांबले. मग पंच जमत होते त्या लिंबाकडे चालू लागले.

सावल्या लांबल्या होत्या. उकंडा एका कडेला उभा होता, तुळसाबाई त्याच्या मागे. शंकरसिंग बोलण्यासाठी उठत होता, तोच नानाजींनी हात वर केला.

"निकालापूर्वी मला एक प्रश्न आहे. पेवात उतरलेल्या माणसाला मरणाची भीती का वाटली नाही?"

गोविंदा हसला. "गावासाठी, नानाजी."

"धैर्य असेल, असं मीही धरून चाललो होतो. पण ज्या बाईचा सख्खा भाऊ याच पेवात गुदमरला, तिने नवऱ्याचा दोर धरला नाही, ओरडली नाही. नवऱ्याचं धैर्य मी समजू शकतो. त्या बाईची शांतता मात्र एकाच गोष्टीने समजते. आत विषारी हवा नाही, हे दोघांना ठाऊक होतं. झाकण नुकतंच उघडून वारा खेळवलेला होता."

लिंबाखाली कुजबूज उठली.

"हे उकंडालाही ठाऊक असू शकलं असतं, तोच चोर असता तर. पण मग उतरला असता उकंडा, दुपट्टा काढून घ्यायला. उतरलात तुम्ही, दुपट्टा दाखवायला. उकंडा राजूरला असताना तीन दिवस पेव तुमच्या हाती होतं, दुपट्टा खोपटात होता. पेवाला लागून तुमचा गोठा. पुन्हा सारवलेलं झाकण तुमच्याच घरच्या हातचं, म्हणून कोणाच्या डोळ्यांत आलं नाही."

"हा तर्क झाला," गोविंदा म्हणाला. "कणगीतली ज्वारी खातो मी."

"कणगीतल्या ज्वारीला वास नसतो. जमिनीच्या पोटात राहिलेल्या दाण्याला ओल लागते. त्याची भाकरी पिवळी पडते आणि आंबूस लागते. साऱ्या गावात मिलो शिजतो आहे आणि तुमच्या ताटात पेवाची भाकरी आहे. पंजाबरावांनी ती खाल्ली. साक्ष त्यांच्या जिभेची."

पंजाबराव दचकले, मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

गोविंदाने बायकोकडे पाहिले. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "गोठ्यात, कुटाराच्या मागं हाय. मी म्हनलं होतं, वाटून टाका."

गोठ्यातले कुटार, गुरांसाठी साठवलेला भुसा, उपसले, पोती निघाली. शंकरसिंगने पहिल्याचे तोंड सोडले आणि ओंजळ भरली. ओंजळीतून पीठ गळू लागले. पेवातून निघालेला दाणा वाऱ्यावर टिकत नाही, हे गोविंदा घाईत विसरला होता. पंधरा दिवसांत सोंडकिड्यांनी पोती आतून पोखरली होती. बारांपैकी पाच खाण्याजोगी असतील, फार तर सहा.

नानाजींना आपल्या विजयाचा संताप आला. चोर सापडला होता आणि धान्य नाहीसे झाले होते.

वाटपासाठी लोक रांगेत लागले. इंदूबाईही पदर सावरून शेवटी उभी राहिली. रांग थांबली. गोविंदाच्या घराला वाटा द्यायचा की नाही, यावर पंचांत एकमत होईना. अखेर शंकरसिंग तुळसाबाईकडे वळला.

"बाई, अन्याय तुह्यावर झाला. तूच सांग, यायले द्याचं का नाही?"

तुळसाबाईने त्याच्याकडे पाहिले, मग एकेका पंचाकडे.

"मले कायले इचारता?" ती म्हणाली. "आज तुमी माह्या लेकरायचं ठरवाले निघालते, तवा कोनी इचारलं होतं?"

तिने पदर पसरला, वाट्याची ज्वारी घेतली आणि जाग्यावरच बसून, दिवस होता तोवर, ती दाणा दाणा निवडू लागली.